शंभरातले नव्वद

घर पाण्यावरून न्यायचं असेल तर आधी धुराडं उतरवावं लागतं. विटांचं ओझं माथ्यावर राहिलं तर घर लाटेवर डोलतं आणि कलंडतं. मग चूल काढायची, जड कपाटं काढायची, खालच्या मजल्याची दारं-खिडक्या फळ्या ठोकून बंद करायच्या. ज्या लाकडी खांबांवर घर उभं असतं ते एकेक करून मोकळे करायचे आणि त्यांच्या जागी साल काढलेले ओंडके आडवे सरकवायचे. मग दोर बांधायचे आणि अख्ख्या गावाने दोराला हात लावायचा. एक जण गाणं म्हणायचा आणि त्यातल्या ठरलेल्या शब्दावर सगळे मिळून हिसका द्यायचे. घर वीतभर सरकायचं. पुन्हा गाणं, पुन्हा हिसका. असं करत ते किनाऱ्यापर्यंत आलं की कडेने तेलाची रिकामी पिंपं करकचून बांधायची आणि वारा पडलेल्या एखाद्या दिवसाची, मोठ्या भरतीची वाट बघायची. पाणी चढलं की घर जमिनीवरून सुटायचं. पुढे दोन-तीन मोटारबोटी आणि मागे दोरावर ओढलं जाणारं दुमजली घर, वरच्या खिडकीचा पडदा तसाच लावलेला.

हे सगळं मला समोरच्या घरातल्या आजींनी सांगितलं. मी सेंट जॉन्समध्ये राहते. कॅनडाच्या अगदी पूर्वेला, अटलांटिकमध्ये न्यूफाउंडलंड नावाचं मोठं बेट आहे, महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश आकाराचं. त्याची ही राजधानी. आजी मूळच्या इथल्या नव्हेत. न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेला प्लासेन्शिया नावाचा उपसागर आहे. त्यात वर्षाच्या दिवसांइतकी बेटं आहेत असं तिथले लोक म्हणतात. त्यांतल्या एका लहानशा बेटावर त्या जन्मल्या आणि १९६०च्या दशकात, शाळकरी वयात, आईवडिलांबरोबर तिथून निघाल्या. त्यांच्या गावात प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाला अंकल आणि आंट म्हणत, रक्ताचं नातं असो वा नसो. मला म्हणूनच त्यांना मनातल्या मनात आजी म्हणताना काही वेगळं वाटत नाही.

त्यांचं ते घर अजून उभं आहे. आर्नोल्ड्स कोव्ह नावाच्या गावी, उपसागराच्या माथ्याशी, त्यांच्या धाकट्या भावाकडे. एकदा त्या मला तिथे घेऊन गेल्या. बाहेरून बघून काही कळत नाही: पांढऱ्या फळ्यांचं, उतरत्या छपराचं, शेजारच्या घरांसारखंच घर. भावाने स्वयंपाकघराची एक भिंत दुरुस्तीसाठी उघडली होती. भिंतीवरच्या कागदाचे थर एकावर एक होते, वरचा फुलाफुलांचा, त्याखाली पट्ट्यापट्ट्यांचा, त्याखाली जुनी वर्तमानपत्रं चिकटवलेली. आणि सगळ्यात आतल्या फळीवर, जमिनीपासून हातभर उंचीवर, एक करडी रेघ सरळ भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती. त्या दिवशी घरात पाणी शिरलं होतं ते इथपर्यंत. मी बोट फिरवून पाहिलं. लाकूड त्या रेघेच्या खाली खरखरीत होतं, वर गुळगुळीत.

१९५४ ते १९७५ या काळात न्यूफाउंडलंडमधल्या सुमारे ३०० वस्त्या अशा रिकाम्या झाल्या आणि सुमारे ३०,००० माणसं हलली. सगळीच काही घरासकट गेली नाहीत. पुष्कळांनी दार ओढून घेतलं आणि बोटीत बसले. काहींची घरं वाटेत बुडाली. १९६१ मध्ये सिल्व्हर फॉक्स नावाच्या बेटावरून डोव्हरकडे निघालेल्या एका घराचं छायाचित्र इथे फार प्रसिद्ध आहे आणि डेव्हिड ब्लॅकवुड या चित्रकाराने बोनाव्हिस्टा उपसागरातल्या एका अंकलच्या स्थलांतराचं कोरीवचित्र केलं, तेही पुष्कळांच्या दिवाणखान्यात असतं. पण या चित्रांनी एक गोष्ट झाकली जाते असं मला वाटत आलं आहे. आपण पाण्यावरचं घर बघत राहतो. त्याच्या आधीच्या हिवाळ्यात त्या बेटावर काय घडलं असेल, ते चित्रात येत नाही.

थोडं मागे जायला हवं. ही बेटं वसली ती कॉड माशासाठी. इंग्लंडच्या नैऋत्य भागातून आणि आयर्लंडच्या आग्नेय भागातून आलेली माणसं जिथे मासा जवळ मिळेल तिथे राहिली, म्हणजे समुद्रात शक्य तितकी पुढे, बेटांच्या टोकांवर. वल्ह्याच्या होडीने पहाटे निघून दुपारी परत येता आलं पाहिजे, एवढाच हिशेब. रस्त्याचा प्रश्न नव्हता, कारण समुद्र हाच रस्ता. पुरुषांनी मासा आणायचा. कापणं, साफ करणं, मीठ लावणं आणि काठ्यांच्या माचांवर दिवसचे दिवस उलटसुलट करत वाळवणं हे सगळं घरच्या बायका-मुलांचं काम. पाऊस दिसला की शाळेतली पोरंही धावत सुटायची मासे झाकायला. हिवाळ्याआधी खारवलेला मासा व्यापाऱ्याला द्यायचा, त्याबदल्यात पीठ, चहा, काकवी, दोर, मीठ घ्यायचं. हिशेब व्यापाऱ्याच्या वहीत. रोकड हाताला फारशी लागायची नाही. ही व्यवस्था लुबाडणारी होती आणि तिचं कौतुक करण्याचं मला काही कारण दिसत नाही. पण तिच्यात प्रत्येक माणसाला काम होतं, म्हातारीला आणि सात वर्षांच्या पोरालासुद्धा.

१९४८ मध्ये न्यूफाउंडलंडने सार्वमत घेतलं. पहिल्या फेरीत निकाल लागला नाही. दुसऱ्या फेरीत ५२ टक्क्यांहून थोड्या अधिक लोकांनी कॅनडात सामील व्हायचं ठरवलं. १९४९ मध्ये तसं झालं आणि जोई स्मॉलवुड पहिले मुख्यमंत्री झाले, ते १९७२ पर्यंत. कॅनडाबरोबर मुलांचा भत्ता आला, म्हाताऱ्यांना पेन्शन आली. आणि त्याबरोबर हजारावर वस्त्यांना शाळा, दवाखाना, वीज, रस्ता देण्याची जबाबदारीही सरकारवर आली. किनारा हजारो किलोमीटर लांब, वस्ती कुठे वीस घरांची, कुठे पन्नास. त्यातच खारवलेल्या माशाचा बाजार ढासळत होता. आता पैसा गोठवलेल्या माशात होता, त्यासाठी मोठी ट्रॉलर जहाजं आणि कारखाने हवे होते. नियोजनकारांनी हिशेब मांडला. लोकांपर्यंत सोयी नेण्यापेक्षा सोयींपर्यंत लोक आणणं स्वस्त.

सुरुवातीला लोकांनीच मदत मागितली होती, हेही सांगायला हवं. बोनाव्हिस्टा उपसागरातल्या काही छोट्या बेटांवरची माणसं आपणहून हलत होती. सरकारने १९५४ मध्ये पहिली योजना आणली ती लोककल्याण खात्यामार्फत. कुटुंबाला सुरुवातीला १५० डॉलर, पुढे वाढवत ६०० पर्यंत. अट एकच: गावातल्या सगळ्यांनी जायला हवं. एकाही घराने नाही म्हटलं तर कुणालाच पैसे नाहीत. १९६५ मध्ये केंद्र सरकार या कामात उतरलं, पैसा वाढला: घरटी १,००० डॉलर आणि शिवाय माणशी २००. म्हणजे आठ मुलांच्या घराला ३,००० डॉलर. आणि अट सैल झाली. आता शंभर टक्के नको, नव्वद पुरेत. पुढे तेही ऐंशीवर आलं. जाण्याचं ठिकाणही आता सरकारच्या यादीतलं हवं होतं; त्या ठिकाणांना विकासकेंद्रं म्हणत.

या टक्क्यांपाशी मला थांबावंसं वाटतं.

जबरदस्ती झाली नाही, असं सरकार तेव्हा म्हणे आणि आजही कागदोपत्री ते खरं आहे. पोलीस आले नाहीत, बुलडोझर आला नाही. गावाने सभा घ्यायची, समिती निवडायची, समितीने घरोघर कागद फिरवायचा आणि घरच्या कर्त्याने त्यावर सही करायची. सगळं रीतसर. पण त्या कागदाची रचना नीट बघितली तर कळतं की सरकारला कुणावर दडपण आणायची गरजच उरली नव्हती. ज्याला जायचं आहे त्याचे ३,००० डॉलर शेजाऱ्याच्या सहीवर अडकले आहेत. मग शेजाऱ्याचं मन वळवायचं काम कोण करणार? सरकारी अधिकारी तर बोट पकडून परत गेलेला. ते काम मावसभाऊ करणार, व्याही करणार, ज्याच्याबरोबर रोज एका होडीत बसतो तो करणार.

आजींच्या वडिलांनी सगळ्यात शेवटी सही केली. त्या हिवाळ्यात त्यांच्याकडे कुणी पत्ते खेळायला आलं नाही. तिथे हिवाळ्याच्या लांब रात्री पत्त्यांवरच जात. एका टेबलाभोवती चार आणि मागे उभे आठ. आजी सांगतात, रोज संध्याकाळी आई जास्तीचे कप काढून ठेवायची आणि रात्री तसेच परत आत ठेवायची. दुकानात वडील शिरले की बोलणं थांबायचं. कुणी वाईट बोललं नाही, कुणी भांडलं नाही. शेवटी ज्यांच्याबरोबर त्यांनी बारा-तेराव्या वर्षापासून मासे धरले होते, ते भागीदारच कागद घेऊन आले. दारातच उभे राहिले, टोपी हातात घेऊन. म्हणाले, मुलीला पुढे शिकवायचंय रे, तुझ्यावाचून अडलंय. वडिलांनी सही केली. आजींच्या म्हणण्याप्रमाणे वडिलांचा सरकारवर कधीच राग नव्हता. सरकार लांब होतं. त्यांना सही करायला लावणारा माणूस त्यांचा जिवाभावाचा होता आणि त्याचंही खरंच होतं, म्हणून त्यांना राग कुठेच ठेवता आला नाही.

आणि गंमत नव्हे, दुःख असं की आजींच्या आईलाही जायचंच होतं. तिला सहीचा अधिकार नव्हता, कारण सही कर्त्या पुरुषाची. बेटावर शिक्षक टिकत नव्हते. एक वर्ष तर आलाच नाही. पाद्रीबुवा वर्षातून मोजक्या वेळा यायचे, तेही पुढे कमी झालं. हिवाळ्यात बर्फाने वाट अडली की आजाऱ्याला हलवणं अशक्य. बाळंतपणं बेटावरच्या सुईणीच्या हातून व्हायची आणि ती म्हातारी झाली होती. मुलीने आठवीच्या पुढे शिकावं हे त्या आईचं स्वप्न होतं, आणि आजी पुढे नर्स झाल्या त्या केवळ बेट सोडल्यामुळे. त्या स्वतः हे ठासून सांगतात. बेटावरच्या आयुष्याबद्दल हळवं होऊन लिहिणाऱ्यांचा त्यांना राग येतो. म्हणून मीही जपून लिहिते आहे. जाणं चुकीचं होतं असं मी म्हणतच नाही. ज्या रीतीने जाण्याचा निर्णय घडवला गेला, ती रीत मला अजून टोचते.

शिक्षक येणं थांबलं म्हणून लोक जायला तयार झाले, की लोक जाणार म्हणून शिक्षक पाठवणं थांबलं? गावोगावच्या आठवणींत हा गुंता येतो. एकदा का गाव सोडण्याची चर्चा सुरू झाली की तिथे नवा धक्का बांधायला, शाळेचं छप्पर बदलायला कुणाचं मन होत नाही. तरुण जोडपं घर बांधायचं थांबवतं. दुकानदार माल कमी भरतो. मग पुढच्या वर्षी सरकार म्हणतं, बघा, गाव तर मरायलाच टेकलंय.

प्लासेन्शिया उपसागराला याआधी एक विस्थापन माहीत होतं. १९४१ मध्ये अमेरिकी नौदलाला तळ हवा होता म्हणून आर्जेन्शिया हे गाव उठवलं गेलं; कबरीसुद्धा हलवल्या. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये रूझवेल्ट आणि चर्चिल याच उपसागरात जहाजांवर भेटले आणि अटलांटिक सनद जन्माला आली. आर्जेन्शियाच्या लोकांना निदान एक दिसत होतं: आपल्या अंगणात आता धावपट्टी आहे. आपल्याकडे कोयनेत किंवा नर्मदेकाठी ज्यांची गावं गेली त्यांनाही पाणी दिसतं, भिंत दिसते. राग करायला, निदान बोट दाखवायला, काहीतरी असतं. या बेटांच्या जागी काहीच आलं नाही. कुणाला ती जमीन नको होती. गवत वाढलं, माच कोसळले, चर्च पडलं किंवा पाडलं. ज्या जागेचा कुणालाच उपयोग नाही ती जागा तुम्ही का सोडली, याचं उत्तर पुढच्या पिढीला देणं फार अवघड असतं.

नव्या ठिकाणी काय झालं ते थोडक्यात सांगण्यासारखं नाही, पण एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. मच्छीमार समुद्रात जागा शोधायचा ती किनाऱ्यावरच्या खुणा जुळवून. अमुक खडकाच्या बरोबर मागे चर्चचं टोक आलं आणि दुसऱ्या बाजूला दोन टेकड्यांमधली फट उघडली की खाली उथळ खडक आहे, तिथे गळ टाकायचा. पंचवीस हात इकडे-तिकडे झालं तर काही नाही. आपल्या कोकणकिनाऱ्यावरच्या जुन्या नाखव्याला हे समजावून सांगायला नको. या खुणा कुठे लिहिलेल्या नसत. बाप मुलाला होडीतच दाखवायचा, आणि प्रत्येक घराच्या एक-दोन खुणा अशा असत ज्या दुसऱ्याला सांगायच्या नाहीत. आजींच्या वडिलांना अशा किती ठाऊक होत्या कोण जाणे. आर्नोल्ड्स कोव्हला आल्यावर त्यांतली एकही कामाची नव्हती. समुद्र तोच होता, उपसागर तोच होता, पण किनाऱ्याचा चेहरा वेगळा. शिवाय जाळी लावायच्या चांगल्या जागा तिथल्या जुन्या लोकांच्या ठरलेल्या होत्या. नव्याने आलेल्याला उरलेल्या मिळायच्या. कारखान्यात काम सगळ्यांना पुरलं नाही. बायकांचं मासे वाळवायचं काम तर संपलंच. ज्या बाईच्या हाताखाली पाच माणसं राबायची ती आता दिवसभर स्वयंपाकघराच्या खिडकीशी.

म्हणून आजींचे वडील उन्हाळ्यात बेटावर परत गेले. हे एकट्या त्यांच्या बाबतीत झालं नाही. कितीतरी गावचे मच्छीमार उन्हाळाभर जुन्या बेटावर जाऊन राहायचे, कारण मासा तिथेच होता आणि त्यांना तो तिथेच धरता यायचा. घर तर हलवलेलं. मग मासे ठेवायच्या जुन्या कोठीत बिछाना टाकायचा, ज्या जागी घर होतं तिथले खांबाचे खळगे ओलांडून विहिरीवर जायचं. वडिलांबरोबर त्या कोठीत उन्हाळाभर कोण राहायचं? तेच भागीदार. आजींनी हे मला अगदी सहज सांगितलं, जणू दुसरं काही संभवतच नव्हतं. शेवटी ते दोघंच उरले ज्यांना त्या खुणा ठाऊक होत्या.

चर्चने लोकांना आणखी विभागलं. न्यूफाउंडलंडमध्ये तेव्हा शाळा पंथापंथांच्या असत. त्यामुळे कॅथलिक कुटुंबं आपल्या शाळेमागे एकीकडे, अँग्लिकन दुसरीकडे. ज्या बेटांवर दोन्ही होते तिथले शेजारी अशाने वेगळ्या गावांना गेले. ज्या बेटावर एकच पंथ होता तेही एका जागी गेलं असं नाही. जिथे जागा मिळाली, जिथे मेव्हणा होता, जिथे काम ऐकू आलं तिथे.

आणि मग १९९२ आला. ज्या ट्रॉलरांच्या आणि कारखान्यांच्या भरवशावर विकासकेंद्रं मांडली होती, त्यांनीच कॉड संपवला. परदेशी जहाजांनीही आणि कॅनडाच्याही. २ जुलै १९९२ रोजी केंद्रीय मत्स्यमंत्री जॉन क्रॉस्बी यांनी उत्तरेकडच्या कॉडच्या मासेमारीवर बंदी जाहीर केली. सुमारे ३०,००० लोकांचं काम गेलं. तितकेच, जितके एकेकाळी हलवले होते. पाचशे वर्षांची मासेमारी एका घोषणेने थांबली. बेटावर राहिले असते तर तिथेही ती थांबलीच असती, हे मला कळतं. तरी ज्यांना एकदा सांगितलं होतं की इकडे या, इथे भविष्य आहे, त्यांना दुसऱ्यांदा तेच सांगायला माणसं आली तेव्हा त्यांनी काय ऐकून घेतलं असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

हे सगळं जुनं आहे असं मला पूर्वी वाटायचं. पण योजना वेगळ्या रूपात आजही आहे. २०१३ पासून घराला अडीच लाख ते दोन लाख सत्तर हजार डॉलर मिळू लागले. अट पुन्हा नव्वद टक्क्यांची, शिवाय गाव बंद केल्याने सरकारचे पैसे वाचतात हे हिशेबात दिसायला हवं. नोत्र दाम उपसागरात लिटल बे आयलंड्स नावाचं गाव होतं. माशाचा कारखाना बंद पडलेला, येण्याजाण्याला फेरीबोट. २०१५ मध्ये तिथे मतदान झालं. होकार ८९.४७ टक्के. नव्वदला अर्ध्या टक्क्याहून थोडं अधिक कमी. पंचाण्णव मतांतलं एखादं मत इकडचं तिकडे झालं असतं तर निकाल बदलला असता.

त्यानंतरची चार वर्षं त्या बेटावर कशी गेली असतील? सगळ्यांना सगळे ठाऊक. कुणी 'नाही' म्हटलं याची यादी कुणी लावत नव्हतं, पण गावात असे दहाच जण असतील तर यादी लागायला किती वेळ लागतो? ज्यांना जायचं होतं त्यांनी नवी खिडकी बसवावी की नको? ज्यांना राहायचं होतं त्यांनी दुकानात कुणाशेजारी उभं राहावं? २०१९ मध्ये पुन्हा मतदान झालं आणि सगळ्यांनीच होकार दिला, शंभर टक्के. त्या शंभरात किती पटून दिलेले होते आणि किती थकून, हे मतपत्रिकेवर उमटत नाही. ३१ डिसेंबर २०१९ रोजी गावाची वीज तोडली. एक जोडपं मात्र सौरऊर्जा आणि सरपणाच्या जोरावर तिथेच राहिलं.

२०२१ मध्ये ही अट आणखी खाली आली. आता ७५ टक्के पुरतात.

मी आजींना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या की बरं झालं, एकट्यादुकट्याच्या माथ्यावर सगळं येणार नाही. मला हे सुचलंच नव्हतं. मी आकडा खाली गेला म्हणजे अन्याय वाढला असं धरून चालले होते: चारांतल्या एकाला न विचारता त्याचं गाव बंद. त्यांना मात्र वडील दिसत होते. नव्वदच्या किंवा शंभरच्या अटीत शेवटच्या माणसाला सगळ्यांनी मिळून घेरायचं असतं. पंच्याहत्तरच्या अटीत निदान त्याला शांतपणे 'नाही' म्हणून राहता येतं. दोन्ही खरं आहे. आणि म्हणूनच मला वाटतं की योग्य टक्का असा काही नाहीच. शेजारधर्म टक्क्यांत मोडता येत नाही. मोडायला गेलं की तो त्या हिशेबातच संपतो. ज्याला जायचं त्याला जाण्यासाठी मदत मिळावी, आणि ती शेजाऱ्याच्या सहीवर टांगलेली नसावी. हे खर्चिक आहे, अर्धं गाव गेल्यावर उरलेल्यांसाठी फेरी चालवणं परवडत नाही, हे अर्थखातं सांगेल आणि त्याच्याजवळ आकडे असतील. माझ्याजवळ आजींच्या आईने काढून ठेवलेले कप आहेत. मला ते आकड्यांहून हलके वाटत नाहीत.

एका गावाने मात्र वेगळं केलं. प्लासेन्शिया उपसागरातच पोर्ट एलिझाबेथ नावाचं बेटावरचं गाव होतं. त्यांनाही जायचं होतं, पण एकत्र. बुरिन द्वीपकल्पावर रेड हार्बर नावाची जागा होती. तिथली माणसं याच योजनेत आधी उठून गेली होती आणि ती रिकामी पडली होती. सरकारच्या यादीत ती नव्हती. रिकामं केलेलं गाव पुन्हा वसवायचं म्हणजे योजनेच्या उलटच. पण पोर्ट एलिझाबेथचे लोक हटून बसले आणि सरकारला मान्य करावं लागलं. रेड हार्बर आजही नांदतं आहे. मी बुरिनकडे गेले तेव्हा वाट वाकडी करून तिथे गेले होते. धक्क्यावर बोटी होत्या, दोन पोरं गळ टाकून बसली होती, एका घरासमोर लाकडं फोडणं चालू होतं. बघण्यासारखं असं काही नाही, एक साधं चालतं गाव. त्याच साधेपणाने मला इतकं बरं वाटलं की मी गाडीत बसून बराच वेळ नुसती बघत होते. यांनी गाव सोडलं, पण सहीचा कागद एकमेकांवर उगारू दिला नाही. सगळे मिळून सरकारकडे तोंड करून उभे राहिले.

आजींच्या बेटावरची घरं मात्र विखुरली. कुणी आर्नोल्ड्स कोव्हला, कुणी बुरिनला, कुणी थेट टोरांटोला. अल पिटमन या इथल्या नाटककाराने 'वेस्ट मून' नावाचं नाटक लिहिलं. त्याचा स्वतःचा जन्म याच उपसागरातल्या सेंट लेनर्ड्स या आता ओस पडलेल्या गावचा. त्या नाटकात कबरीतली माणसं बोलतात, गाव सोडून गेलेल्या जिवंतांची काळजी करतात. आजींना ते नाटक आवडत नाही. मेलेले काळजी करत नसतात, काळजी आपल्याला असते, म्हणतात. त्यांच्या बेटावरच्या दफनभूमीचं कुंपण दर काही वर्षांनी रंगवावं लागतं, नाहीतर खारा वारा फळ्या खातो. त्यासाठी उन्हाळ्यात बोट करून जायचं, दोन-तीन दिवस राहायचं. आता जाणाऱ्यांत बहुतेक जण सत्तरीच्या पुढचे आणि त्यांच्याबरोबर आलेली नातवंडं.

कागद घेऊन जे दारात उभे राहिले होते, त्यांची मुलगी बुरिनला असते. तिला शिकवायचं होतं म्हणून तो कागद आला होता. ती शिक्षिका झाली आणि निवृत्तही झाली. दर रविवारी तिचा आजींना फोन येतो. गेल्या रविवारी मी तिथेच बसले होते. यंदा बोट कुणाची करायची, पांढरा रंग किती डबे लागेल, गेल्या वेळी आणलेले खिळे गंजके निघाले ते कुणी आणले होते आणि आता ते काम कुणाला अजिबात सांगायचं नाही, यावरून दोघींचं चांगलं अर्धा तास जुंपलं होतं.